हिरवी खूण

"मॅडम, माझा अर्ज पोचला का, तेवढं बघून सांगा," असे फोनवरचा मुलगा म्हणाला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर त्याच्या खात्यात ६४ अर्ज दिसत होते. प्रत्येक अर्जापुढे एक छोटी हिरवी खूण होती आणि तिच्याखाली 'अर्ज पाठवला' एवढेच शब्द होते. मुलगा गंगाखेडकडचा होता. आयटीआयला फिटरचा ट्रेड करून तो सात आठवड्यांपासून चाकणला, गावाकडच्या ओळखीने मिळालेल्या कॉटवर राहून, काम बघत होता. चौसष्टांपैकी एकाही ठिकाणाहून त्याला होकार आला नव्हता आणि नकारही आला नव्हता. त्यामुळे आपल्या फोनमध्येच काहीतरी बिघाड असावा, ॲप नीट चालत नसावे, अशी त्याची समजूत झाली होती. सगळे अर्ज पोचले आहेत, असे मी त्याला सांगितले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे कुकरची शिट्टी आणि कुणाचे तरी मोठ्याने बोलणे ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "पोचलेत म्हणता, मग कुणी काहीच कसं बोलंना?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, पण ते फोनवर देता येण्यासारखे नव्हते. ते द्यायचे तर मला सांगावे लागले असते की कुणी काहीच बोलू नये अशी व्यवस्था आम्हीच, तसा हेतू नसताना, उभी केली आहे आणि ती उभी करण्यात माझा मोठा वाटा आहे.

मी गेली काही वर्षे पुण्यात नोकऱ्यांच्या एका ऑनलाइन बाजारात काम करते. एका बाजूला काम शोधणारी माणसे, दुसऱ्या बाजूला माणसे शोधणारे कारखाने, गोदामे, दवाखाने, हॉटेले आणि दुकाने, आणि मध्ये आमचे ॲप, असा हा बाजार आहे. पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, ते दाबल्यावर काय घडावे आणि माणसाला काय वाचायला मिळावे, हे ठरवणे माझे काम. आमच्यापैकी प्रत्येकाने दर दुसऱ्या शुक्रवारी दोन तास हेल्पलाइनवर बसायचे असा आमच्याकडे नियम आहे, आणि त्या नियमामुळेच हा फोन माझ्या वाट्याला आला.

त्याआधी सुमारे वर्षभर आम्ही 'एका स्पर्शात अर्ज' ही सोय आणली होती. तोवर प्रत्येक जाहिरातीसाठी उमेदवाराला तीन-चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत: कुठे राहता, रात्रपाळी चालेल का, अनुभव किती, हातात किती पगार हवा. पुष्कळ जण मध्येच सोडून देत. एका बैठकीत ही गळती आलेखावर दाखवली गेली आणि प्रश्नच काढून टाकू या, असे मीच सुचवले. फुटलेल्या काचेच्या फोनवर, बसमध्ये उभ्याने, संपत आलेल्या डेटावर टाइप करणाऱ्या माणसाचे कष्ट वाचावेत, असे मला मनापासून वाटत होते. सोय सुरू झाली आणि अर्जांचा आलेख असा वर गेला की गुंतवणूकदारांना जाणाऱ्या मासिक अहवालात तो पहिल्या पानावर आला. कार्यालयात पेढे वाटले गेले. त्याच महिन्यांत हेल्पलाइनवरचे फोनही वाढत गेले होते, पण त्यांचा आलेख कुणी काढत नव्हते.

या धंद्याची मेख समजून घ्यायची तर पैसा कोणाच्या खिशातून येतो ते आधी पाहावे लागते. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू केले, त्यामागची हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत काम करत असताना त्यांच्या लक्षात आले की कार्यालयात येणारे 'बिझनेस इंडिया' हे नियतकालिक सहकारी मागच्या पानांपासून वाचायला घेतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती तिथे असतात. आणि ज्यांना नोकरी बदलायची नाही तेही त्या जाहिराती आवडीने वाचतात. या निरीक्षणातून उभी राहिलेली कंपनी २००६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. तिचा नमुना पुढे जवळजवळ सगळ्यांनीच उचलला: जाहिरात लावण्याचे आणि बायोडेटा चाळण्याचे पैसे मालकाने द्यायचे, काम शोधणाऱ्याने फुकट यायचे. हे तत्त्व मला योग्यच वाटते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याकडून काम दाखवण्याचे पैसे घेऊ नयेत. पण या रचनेत एक गोष्ट आपोआप घडते. मालक तिथेच येतो जिथे उमेदवार भरपूर आहेत, म्हणून उमेदवारांचा आकडा हाच विकायचा माल होतो. नोंदणी किती, अर्ज किती, रोज ॲप उघडणारे किती, असे सगळे मोजले जाते. जो पैसे देतो त्याचे म्हणणे ऐकायला आमच्याकडे विक्री विभाग आहे. जो देत नाही त्याच्यासाठी हेल्पलाइन आहे, आणि ती सायंकाळी सहाला बंद होते.

आमच्या बाजाराचा दुसरा विशेष तर मला कामाला लागून दोन वर्षे होईपर्यंत नीट उमगला नव्हता. किराणा दुकानातून समाधानाने परतलेले गिऱ्हाईक पुन्हा येते. आमच्याकडून समाधानाने गेलेला माणूस दोन-तीन वर्षे फिरकत नाही, कारण त्याला काम लागलेले असते. याचा अर्थ असा की 'रोज ॲप उघडणारे किती' हा आकडा ज्या वेळी वाढतो त्या वेळी त्यात नवे आलेले किती आणि काम न मिळाल्यामुळे अडकून पडलेले किती, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. गंगाखेडचा तो मुलगा दिवसातून दहा-बारा वेळा ॲप उघडत होता. पहाटे उठल्यावर, जेवताना, रात्री दिवा घालवल्यावर कॉटवर पडून. आमच्या डॅशबोर्डवर त्याची गणना 'अतिसक्रिय' या सर्वांत वरच्या गटात होत होती. त्याची सात आठवड्यांची घालमेल आमच्या वाढीच्या खात्यात जमेला धरली जात होती, आणि मी तो गट दर सोमवारी पाहून खूश होत होते.

त्या फोननंतर मी त्याच्या ६४ अर्जांची यादी काढली आणि त्यातल्या सर्वांत जवळच्या लहान मालकाकडे जायचे ठरवले. तो भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा मालक निघाला. चौदा-पंधरा माणसांचे काम, दारातच कटिंग ऑइलचा वास, कोपऱ्यात लोखंडाच्या किसाने भरलेल्या गोण्या. मालकांनी मला स्टुलावर बसवले, चहा सांगितला आणि तेलकट बोटे फडक्याला पुसून स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. त्यांना एक फिटर आणि एक हेल्पर हवा होता. जाहिरातीखाली अकराशेच्या वर अर्ज होते. त्यांनी अंगठ्याने यादी वर सरकवायला सुरुवात केली: पहिला उमेदवार नागपूरला राहणारा, दुसरा बी.कॉम. झालेला, तिसरा ड्रायव्हर, चौथ्याचे वय अठराच्या आत. पहिल्या तिसेक नावांतून त्यांनी सहा जणांना फोन लावले होते. त्यांतल्या पाच जणांनी "कुठली कंपनी?" असे विचारले, कारण आपण तिथे अर्ज केला आहे हेच त्यांना आठवत नव्हते. मग त्यांनी यादी बंद केली आणि नेहमीच्या कंत्राटदाराला सांगून दोन माणसे आणवली. "ताई, मला दोन माणसं पाहिजे होती," ते म्हणाले, "तुम्ही जत्रा पाठवली."

कार्यालयात परतल्यावर मी त्या यादीत आमचा मुलगा शोधला. तो चारशेव्या नावाच्या पुढे कुठेतरी होता. फिटरचा ट्रेड केलेला, चाकणहून तासाभरात भोसरीला पोचू शकणारा, रात्रपाळीला तयार असलेला. पण रात्रपाळीला तयार आहे हे सांगण्याची जागाच मी काढून टाकली होती. जे कुठेही बोट लावत सुटले होते त्यांचे नुकसान झाले नाही. सुक्याबरोबर ओले जळते तसे झाले आणि ज्याने नीट वाचून अर्ज केला होता तो खोगीरभरतीत बुडाला. आणखी एक गोष्ट मला त्या भेटीत कळली. वर्कशॉपमधल्या दोन्ही जागा नऊ दिवसांपूर्वी भरल्या होत्या, तरी जाहिरात आमच्या ॲपवर चालूच होती आणि अर्ज येतच होते. मालकांना ती बंद करायला कुणी सांगितले नव्हते, कारण 'चालू जाहिराती' हादेखील आमच्या अभिमानाचा आकडा होता.

बाजारांच्या रचनेचा अभ्यास करणारे अल्विन रॉथ, ज्यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल लॉइड शॅप्ली यांच्यासह मिळाले, चांगल्या बाजाराची लक्षणे सांगताना दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात. बाजार भरलेला असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना निवडीला पुरेसे पर्याय असावेत. आणि भरलेल्या बाजारात कोंडी होऊ नये, म्हणजे प्रत्येकाला समोरच्याचा प्रस्ताव पाहायला, तोलायला आणि उत्तर द्यायला सवड मिळावी. आम्ही पहिल्या गोष्टीलाच यश समजत होतो. बाजार जितका भरत होता तितकी कोंडी वाढत होती. अमेरिकेत अर्थशास्त्राचे नवे पीएच.डी.धारक विद्यापीठांत नोकऱ्या शोधतात तेव्हा त्यांचीही हीच अडचण होते: प्रत्येक जण शेकडो ठिकाणी अर्ज करतो आणि कोणाला खरोखर यायचे आहे हे विभागांना कळत नाही. तिथल्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून एक साधी व्यवस्था केली. उमेदवाराने अर्ज हवे तितके करावेत, पण 'मला तुमच्याकडे विशेष रस आहे' असा निरोप संघटनेमार्फत फक्त दोन विभागांना पाठवावा. दोनच असल्यामुळे त्या निरोपाला वजन आले. विद्वानांच्या भरतीतली ही युक्ती चाकणच्या मुलाला जशीच्या तशी लागू पडेल असे मी म्हणत नाही, पण तिने माझ्या डोक्यातला एक गैरसमज काढून टाकला. सोपेपणा वाढवला की माणसाचे भले होते, असे मी धरून चालले होते. अर्ज करणे इतके सोपे झाले होते की अर्जातून काहीच सांगता येत नव्हते.

इथे वाढीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण ती बाजू खरी आहे आणि मी तिच्यामुळेच या क्षेत्रात आले. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्या माणसाची नोकरी वर्षानुवर्षे ओळखीवर ठरत आली. मामा कंत्राटदाराकडे असेल तर काम लागायचे, नसेल तर मजूर अड्ड्यावर पहाटे जाऊन उभे राहायचे. बंगळूरमध्ये २००७ साली शॉन ब्लाग्सवेट यांनी बाबाजॉब सुरू केले ते घरकाम करणाऱ्या बायका, स्वयंपाकी, ड्रायव्हर, वॉचमन यांच्यासाठी. स्मार्टफोन हाती नसलेल्या माणसालाही बाजारात येता यावे म्हणून तिथे एसएमएस आणि मिस्ड कॉलचा उपयोग केला जात असे. २०१७ मध्ये ती कंपनी क्विकर या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने घेतली. जास्तीत जास्त लोकांना आत घ्यायचे, या ध्यासाशिवाय हे घडले नसते. ज्याच्या तालुक्यात तीनच मालक आहेत त्याला तीनशे दिसू लागले तर त्याला पगाराबद्दल बोलण्याची हिंमत येते. माझ्या मावशीच्या शेजारची एक मुलगी सात हजारांवर एका दवाखान्यात राबत होती. दुसरीकडे किती मिळतात हे ॲपवर पाहून तिने पगारवाढ मागितली आणि ती तिला मिळाली. म्हणून 'वाढ वाईट' असे कुणी म्हणाले तर मी त्याच्याशी वाद घालते. माझे भांडण फक्त एवढ्याशी आहे की आत घेतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे मोजल्याशिवाय आम्ही दार मोठे करत सुटलो होतो.

दार मोठे करण्याचा हव्यास कुठवर जातो याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण लिंक्डइनचे आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या, नोकरी-व्यवसायातल्या ओळखी जोडणाऱ्या या व्यासपीठावर खाते उघडताना 'तुमच्या ई-मेलमधल्या ओळखीच्या लोकांना जोडा' अशी सोय होती. ती वापरणाऱ्याच्या नावाने त्याच्या संपर्कातल्या माणसांना निमंत्रण जाई; आणि त्यांनी ते स्वीकारले नाही तर त्याच्याच नावाने पहिले स्मरणपत्र, मग दुसरे. २०१३ मध्ये काही सदस्यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायाधीश लूसी को यांनी दिलेल्या आदेशात एक फार बारीक भेद केला आहे. पहिल्या निमंत्रणाला सदस्यांची संमती होती, असे त्यांनी मानले; पण नंतरच्या स्मरणपत्रांना होती असे मानता येत नाही, आणि वारंवार जाणाऱ्या त्या पत्रांमुळे समोरच्याच्या मनात 'याला नको म्हटलेले कळत नाही' अशी सदस्याची प्रतिमा होऊ शकते, असे म्हणून दाव्याचा तेवढा भाग त्यांनी पुढे चालू दिला. २०१५ मध्ये कंपनीने, आपली चूक मान्य न करता, १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी तिने सदस्यांना जाणारे ई-मेल कमी केल्याचेही जाहीर केले: पूर्वीच्या दर दहांमागे चार बंद.

मी हे प्रकरण आमच्या नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते, कारण नोकरीच्या बाजारात त्रास कोणत्या जातीचा असतो ते त्यातून कळते. खरेदीच्या ॲपने दिवसाला चार निरोप पाठवले तर माणूस वैतागतो आणि विसरतो. नोकरीच्या बाजारात पत कामाला येते, आणि इथे निरोप पाठवणारे यंत्र त्या माणसाची पत खर्च करते, त्याला न विचारता. आमच्याकडे त्याचे धाकटे भावंड होते. 'तुमच्यासाठी १२ नव्या नोकऱ्या, आजच अर्ज करा' असा निरोप रोज सकाळी आठला जाई, मग त्या बारा जाहिराती कालच्याच का असेनात. निरोप पाठवला की ॲप उघडणाऱ्यांचा आकडा उसळी घेई. पण बेकार माणसाच्या फोनवर नोकरीच्या ॲपचा आवाज वाजतो तेव्हा तो हातातला घास खाली ठेवून फोन उचलतो. आज कॉल आला, असे त्याला वाटते. लांडगा आला रे आला, असे आम्ही रोज ओरडत होतो, आणि काही महिन्यांनी त्याचा परिणाम असा झाला की मुलाखतीचा खरा निरोप गेला तरी पुष्कळ जण तो उघडत नव्हते. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत, आणि खोटी घाई निर्माण करणे व पुन्हा पुन्हा टोचत राहणे हे त्यांतले दोन. ती यादी मी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा खोली शांत झाली होती.

अर्जांचा पूर आवरण्यासाठी पैशाचा बांध घालावा, हा उपाय आमच्याकडेही सुचवला गेला. त्याला आधार होता अपवर्कचा. इलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या एकत्र येऊन बनलेल्या, २०१५ पासून अपवर्क या नावाने चालणाऱ्या या व्यासपीठावर स्वतंत्र काम करणारी माणसे कामे मिळवतात. तिथे २०१९ मध्ये प्रस्ताव पाठवण्यासाठी लागणारी 'कनेक्ट्स' विकत घ्यावी लागू लागली, प्रत्येकी १५ सेंटला. उगाच पाठवलेले प्रस्ताव त्यामुळे कमी व्हावेत, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. तरीही मी त्या सूचनेला कडाडून विरोध केला आणि आजही करीन. डॉलरमध्ये कमावणाऱ्या संगणकतज्ज्ञाला परवडणारा बांध मेसचे पैसे थकलेल्या मुलापुढे भिंत होऊन उभा राहतो. आणि दुसरे कारण त्याहून मोठे आहे. नोकरीच्या नावाखाली नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपची अनामत असे उकळणाऱ्या टोळ्या आपल्याकडे सर्वत्र आहेत. 'नोकरी देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका' हे एकच वाक्य आमच्या हेल्पलाइनवर दिवसभर सांगितले जाते. ते सांगणाऱ्यांनीच अर्जामागे पाच रुपये घ्यायला सुरुवात केली तर त्या वाक्याला काय अर्थ राहील? परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये थायलंडमधल्या डिजिटल विक्रीच्या बनावट नोकऱ्यांपासून सावध करणारी सूचना काढली होती. त्या जाळ्यात माहिती-तंत्रज्ञान शिकलेली, जाणती मुले सापडली होती आणि त्यांतल्या काहींना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेऊन डांबले होते. जाहिरात खरी की खोटी हे तपासायला वेळ लागतो, माणसे लागतात आणि जाहिरातींचा आकडा घटतो. त्या तपासणीत हात आखडता घेणे, याला वाढ म्हणायला मी तयार नाही.

शेवटी आम्ही केले ते फार मोठे नव्हते. काढून टाकलेल्या प्रश्नांतले दोन परत आणले: कामावर पोचायला किती वेळ लागेल, आणि कोणती पाळी चालेल. मालकाने दर आठवड्याला 'जागा अजून रिकामी आहे' असे कळवले नाही तर जाहिरात आपोआप उतरू लागली. आलेल्या अर्जांपैकी ठरावीक अर्जांना मालक हो-नाही सांगत नाही तोवर नवे अर्ज थांबू लागले. रोज अमुकच अर्ज करता येतील अशी मर्यादा उमेदवारावर घालावी की नाही यावर आम्ही दोन महिने घोळ घातला आणि ती घातली नाही. खिशात पैसे नसलेल्या माणसाला 'आज पुरे' असे सांगण्याचा अधिकार मला आमच्यात कुणाकडे दिसला नाही.

सर्वांत जास्त वेळ लागला तो नकाराच्या निरोपाला. पहिला मसुदा मी लिहिला होता: 'आपली निवड होऊ शकली नाही याबद्दल आम्हाला खेद आहे.' हेल्पलाइनवरच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी तो वाचला आणि सांगितले की हा पाठवू नका. त्यांचा अनुभव असा होता की पुष्कळ माणसे घाईत 'आपली निवड' एवढेच वाचतात आणि आनंदाने फोन करतात. मग त्यांना तोंडी नकार द्यावा लागतो, आणि तो ऐकवत नाही. आम्ही शब्द बदलले. आता निरोप असा जातो: 'ही जागा भरली. तुमचा अर्ज मालकांनी पाहिला होता.' दुसरे वाक्य मालकाने अर्ज खरोखर उघडला असेल तरच जाते. नाही उघडला तर फक्त पहिले. या अटीवरही वाद झाला. सगळ्यांनाच पाठवू, बरे वाटेल, असे काहींचे म्हणणे होते. मी हटले नाही. निरोप सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सोलापूरच्या एका नर्सताईंचा फोन आला. तक्रार असेल असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "कळवलंत ते बरं केलंत. मी तिकडच्या भरवशावर दुसरीकडं हो म्हणत नव्हते."

आलेख खाली आले. अर्जांचा तर पहिल्याच महिन्यात कोसळला, आणि चालू जाहिरातींचा त्याच्या मागोमाग. घाऊक माणसे पुरवणारे दोन मोठे कंत्राटदार, ज्यांना हजारो नावांची यादी हवी असे, ते आम्हाला सोडून गेले. विक्री विभागातला माझा एक सहकारी त्या बैठकीत माझ्याकडे पाहत म्हणाला की त्याच्या माणसांचे इन्सेंटिव्ह त्या दोन गिऱ्हाइकांवर होते, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संस्थापकांनी मला नंतर एकटीला बोलावून विचारले की पगार द्यायला पैसे उरले नाहीत तर उमेदवारांना आदराने वागवायला ॲप तरी राहील का. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. मी सहा महिने मागितले. भोसरी, रांजणगाव, हडपसर इथले लहान मालक जाहिरातीचे पैसे दुसऱ्यांदा भरू लागले, तसे ते सहा महिने कसेबसे निभावले. आता आमचा सोमवारचा पहिला आकडा 'उत्तर मिळालेले अर्ज' हा आहे. तो अजून मला हवा तितका नाही, आणि दर तिमाहीला कुणीतरी जुना आकडा वर आणायची मागणी करतेच.

गंगाखेडच्या मुलाला मी आठ दिवसांनी फोन केला होता. भोसरीची जागा गेली होती, हे मला त्याला सांगायचे होते. फोन लागला नाही. त्याचे खाते दोन दिवसांपूर्वी बंद झाले होते. आमच्याकडे खाते बंद करताना कारण विचारले जाते आणि चार पर्याय दिले जातात: फार निरोप येतात, जाहिराती उपयोगाच्या नाहीत, दुसरे ॲप वापरतो, इतर. त्याने 'इतर' निवडले होते. 'इतर'मध्ये लोक काय लिहितात ते आम्ही कधी वाचत नसू. ती रकाना-भर मानली जाई, आणि बंद झालेली सगळी खाती तोट्यात धरली जात. त्या दिवशी मी मागच्या तीन महिन्यांच्या 'इतर' नोंदी उघडल्या आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. 'काम लागलं.' 'लागलो कामाला.' 'बारामतीत भेटली नोकरी.' 'दादाच्या कंपनीत चिकटलो.' 'आता नको.' बहुतेकांनी दोन-तीन शब्दच लिहिले होते. आम्ही दिलेल्या चार पर्यायांत 'नोकरी मिळाली' हा पर्यायच नव्हता, आणि ही रचना तपासून मंजूर करणाऱ्यांत माझेही नाव होते. दुसऱ्या दिवशी तो आम्ही घातला, सर्वांत वर. त्या मुलाची नोंद यादीत शेवटून सातवी होती: 'चाकणलाच. सोमवारपासून.'